अडीअडचणीचा सरंजाम आणि त्याचे थर

बेंगळुरूहून होसूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर इलेक्ट्रॉनिक सिटी आणि हेब्बगोडी मागे पडली की आनेकल तालुक्यातील बोम्मसंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. आणि तेथील औषधनिर्मितीच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या माणसाचा शिरस्ता असा, की मोबाईल, लायटर, किल्ल्या आणि पाकीट हे सारे त्याने बाहेरच्या कपाटात कुलूपबंद करावे, आणि काम निर्जंतुक कक्षातले असेल तर मनगटावरचे घड्याळ, बोटातली अंगठी व घरून घालून आलेले कपडेही उतरवून कारखान्याचा पोशाख अंगावर चढवावा. ज्वालाग्राही द्रावकांच्या सान्निध्यात एखादी ठिणगी प्राणघातक ठरू शकते आणि औषधाच्या शुद्धतेला धुळीचा कणदेखील बाध आणतो, म्हणून हा दंडक सर्वथैव योग्यच आहे. परंतु त्यातून एक गंभीर प्रश्न उभा राहतो, तो हा की आठ तासांच्या त्या अवधीत काही अनर्थ ओढवला, तर ज्याच्या अंगावर स्वतःची अशी एकही वस्तू उरलेली नाही, त्याने कशाच्या आधारावर जीव वाचवावा?

आपत्काळासाठी नित्य जवळ बाळगावयाच्या वस्तूंचा विचार अलीकडे तरुण मंडळींत बराच होऊ लागला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. छोटे टॉर्च, अनेक पात्यांचे चाकू, चार्जिंगच्या पेट्या यांची चर्चा ती मंडळी हौसेने करतात. मात्र ही चर्चा बहुधा वस्तूंपाशी सुरू होते आणि वस्तूंपाशीच संपते. मूळ कल्पना सैनिकी व्यवहारातली आहे. सैनिकाने काही जिन्नस गणवेशाच्या खिशांत ठेवावेत, काही कमरपट्ट्याला अडकवावेत आणि उरलेले पाठीवरच्या पिशवीत भरावेत, म्हणजे धावपळीत पिशवी टाकून द्यावी लागली तरी कमरेच्या सामानावर एक दिवस निघावा, आणि कमरपट्टाही गेला तर खिशातल्या वस्तूंवर निदान स्वतःच्या लोकांपर्यंत पोहोचता यावे, अशी ती योजना. नागरी जीवनात याच तत्त्वाचे अंगावरचा, पिशवीतला आणि घरचा किंवा वाहनातला असे तीन थर होतात. त्यातले मर्म एवढेच, की शरीरापासून वस्तू जितकी दूर, तितकी ती ऐन प्रसंगी हाती न लागण्याचा संभव अधिक. म्हणून जिच्यावाचून प्राण जातील ती वस्तू सर्वांत जवळच्या थरात असली पाहिजे, आणि बाहेरचा प्रत्येक थर नाहीसा झाला आहे असे समजून आतल्या थराची परीक्षा घेतली पाहिजे.

ही व्यवस्था आधुनिकांनी शोधून काढली असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. १९९१ साली आल्प्स पर्वताच्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचे गोठलेले शरीर सापडले. त्याच्या कमरेच्या चामडी कशात गारगोटीची हत्यारे, हाडाची टोचणी आणि आग पेटवण्यास उपयोगी पडणारी बुरशी होती. तांब्याची कुऱ्हाड, धनुष्य व भूर्जाच्या सालीची पात्रे ही त्याची जड सामग्री निराळी होती, आणि त्यातल्या एका पात्रात निखारे जपण्यासाठी हिरवी पाने घातलेली आढळली. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या चंचीत पान-तंबाखूच्या सोबतीला चकमक आणि कापूस असे, ती याच जातीची तरतूद. मेंढरांमागे रानोमाळ फिरणाऱ्या धनगराच्या खांद्यावरची घोंगडी ऊन, पाऊस, थंडी आणि अंथरूण या चारही गरजा एकटी भागवते, आणि त्याचा संसार घोड्याच्या पाठीवर मागाहून येत असतो.

परंतु थरांची सर्वांत सुविहित रचना पाहावयाची असेल, तर ती पंढरीच्या वाटेवर पाहावी. वारकऱ्याच्या गळ्यात माळ आणि टाळ, खांद्यावर पताका. पडशीत एखादे धोतर किंवा लुगडे, पांघरूण आणि तांब्या. आणि राहुट्या, मोठी भांडी, शिधा हे सारे दिंडीच्या ट्रकमध्ये. पावसाने रस्ता अडला आणि ट्रक मुक्कामावर वेळेत पोहोचला नाही, तरी पडशीच्या बळावर वारकरी कोणाच्या ओसरीवर रात्र काढतो आणि सकाळी चालू लागतो. शतकानुशतके लक्षावधी माणसे ज्या शिस्तीने पायी चालत आली, तिच्यात सिद्धतेचे शास्त्र किती मुरलेले आहे, याची दखल आपल्या सुशिक्षितांनी फारशी घेतलेली नाही, याचा मला खेद वाटतो.

आता शहरातल्या माणसावर प्रसंग कसे येतात ते पाहू. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. लोकलगाड्या थांबल्या, उपनगरांतली वीज गेली, मोबाईलची यंत्रणा कोलमडली आणि लक्षावधी चाकरमान्यांनी कंबरभर पाण्यातून घराची वाट धरली. त्या दिवशी काही माणसे स्वतःच्या बंद मोटारीत गुदमरून मरण पावली, कारण पाणी चढल्यावर दारे उघडेनात आणि विजेवर चालणाऱ्या काचा खाली येईनात. बेंगळुरूमध्येही मे २०२३ मध्ये के. आर. सर्कलच्या भुयारी मार्गात वळवाच्या पावसाचे पाणी क्षणार्धात साचून एका तरुण अभियंता स्त्रीचा मोटारीत अंत झाला. अशा वेळी काच फोडण्याची लहानशी हातोडी जीव वाचवू शकते. परंतु ती मागच्या डिकीत असेल तर तिचा असून नसल्यासारखाच उपयोग. चालकाला पट्टा न सोडता हात पोहोचेल अशा जागी ती हवी, आणि घाव बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर घालावयाचा असतो, कारण समोरची काच दोन काचांच्या मध्ये पातळ पडदा घालून केलेली असल्यामुळे ती तडकते पण निखळत नाही. एकच वस्तू योग्य थरात असली तर तारते आणि अयोग्य थरात असली तर निव्वळ भार होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला सुचत नाही.

जुलै २०१९ च्या अखेरीस मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकून पडली, आणि हजाराहून अधिक उतारूंना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या व इतरांच्या साहाय्याने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुरक्षित बाहेर काढण्यात आले. गाडी रात्रीची, म्हणजे सकाळी कोल्हापुरात उतरून चहा घ्यावयाचा या हिशेबाने निघालेली माणसे ती. डब्याबाहेर चहूकडे पाणी आणि प्यावयास मात्र बाटलीत असेल तेवढेच. लगेच पुढच्या महिन्यात पंचगंगेच्या महापुराने कोल्हापूरजवळ शिरोलीपाशी पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद पडला, आणि कागल-निपाणीपर्यंत मालमोटारींच्या रांगा लागल्या. बेंगळुरूत नोकरी करून सणावाराला याच रस्त्याने गावी जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी त्यापासून एक साधा नियम घ्यावा. बसच्या पोटातल्या सामानकक्षात जाणारी पेटी ही तिसऱ्या थरातली वस्तू समजावी, आणि रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या, तान्ह्या मुलाचे दूध व कपडे, चष्मा आणि पाणी हे कदापि तिच्यात ठेवू नये; ते मांडीवरच्या पिशवीत असावे, आणि औषध प्रवासाच्या मुदतीपेक्षा निदान दोन दिवस जास्तीचे असावे.

बोम्मसंद्र्याच्या परिसराला तर दुसऱ्याही जातीचे अनुभव आहेत. १२ सप्टेंबर २०१६ रोजी कावेरीच्या पाण्यावरून बेंगळुरूत दंगल उसळली, बसगाड्यांचा एक आगारच पेटवून देण्यात आला, शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागू झाली आणि तमिळनाडूकडे जाणारी वाहतूक अत्तिबेलेच्या नाक्यापाशी तुटली. त्यानंतर काही दिवस माणसे डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेऊन सीमा पायी ओलांडीत होती. ज्यांच्या पायांत चालण्याजोगे पादत्राण होते आणि ज्यांचे सामान दोन्ही हात मोकळे ठेवून उचलता येण्यासारखे होते, त्यांचे हाल त्या मानाने कमी झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच अत्तिबेलेत फटाक्यांच्या दुकानाला आग लागून डझनाहून अधिक कामगारांचा बळी गेला. आगीतून निसटावयाला मिळालेला अवकाश मिनिटांचाही नसतो. तेथे पिशवी उचलण्यास वळणे म्हणजे प्राण गमावणे होय.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की अंगावरच्या थराच्याही आत आणखी एक थर आहे, आणि तो फाटकावरचा पहारेकरी काढून ठेवू शकत नाही. आपल्या कामाच्या जागेपासून बाहेर पडण्याचे दोन मार्ग कोणते, अंधारात भिंतीला हात लावून गेल्यास कितवा दरवाजा, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी कोठे फडकते, जमावयाचे ठिकाण कोणते, अंगावर रसायन सांडल्यास धारेखाली उभे राहावयाची जागा किती पावलांवर आहे, हे ज्याला झोपेत विचारले तरी सांगता येते, तो रिकाम्या हातांनीही सिद्ध असतो. वायू पसरला तर ओल्या कापडाने नाक-तोंड झाकून, वाऱ्याच्या रेषेला आडवे जाऊन, ढगाच्या वाटेतून बाजूला व्हावयाचे असते. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळच्या झोपलेल्या वस्तीला हे कोणीही सांगून ठेवलेले नव्हते. त्या भीषण अपघातानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना व आसपासच्या जनतेला देणे कारखानदारावर बंधनकारक करण्यात आले. ती माहिती मागून घेण्यात कामगाराने संकोच करू नये. तो त्याचा हक्क आहे.

पाळी सुटली आणि कपाट उघडले की वस्तूंचे थर पुन्हा सुरू होतात. अंगावरच्या थरात मी सर्वांत वरचा मान कापडाला देतो. पूर्वीच्या माणसाच्या खांद्यावर पंचा किंवा उपरणे असे, त्याने घाम पुसावा, ऊन लागल्यास डोक्याला गुंडाळावे, जखम दाबून धरावी, मोडलेला हात गळ्यात अडकवावा; विलायती पद्धतीच्या पोशाखाबरोबर ते गेले आणि त्याची जागा घेतलेला चिमुकला हातरुमाल यातले अर्धेही काम करू शकत नाही. सुती, हातभर लांबी-रुंदीचा रुमाल घडी करून खिशात मावतो. त्याच्या जोडीला बोटाएवढा टॉर्च असावा, कारण मोबाईलच्या दिव्यावर विसंबले तर प्रकाश आणि संपर्क एकाच वेळी संपतात. एक शिट्टी असावी, कारण ओरडून घसा बसल्यावरही तिचा आवाज निघतो. आणि शे-दोनशेच्या सुट्ट्या नोटांसह काही रोकड असावी. बेंगळुरूमध्ये चहाच्या टपरीपासून रिक्षापर्यंत सर्वत्र मोबाईलवरून पैसे देण्याची सवय इतकी अंगवळणी पडली आहे, की यंत्रणा बंद पडली त्या तासाला खिशात लाखाचा फोन असलेला मनुष्य पाण्याच्या बाटलीला महाग होतो. हृदयविकार असलेल्याने जिभेखाली ठेवावयाची गोळी, दमेकऱ्याने आपला पंप, हे याच थरात ठेवावे. आणि दमेकरी कामगाराने कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तो आत नेण्याची लेखी परवानगी, किंवा आत ठेवण्याची तजवीज, कामाच्या पहिल्या दिवशीच करून घ्यावी.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसासाठी या थरात आणखी एक वस्तू मला अत्यावश्यक वाटते, आणि तिची किंमत काहीच नाही. ती म्हणजे एक कागदी पत्रिका, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली, जिच्यावर नाव, रक्तगट, चालू औषधे, ॲलर्जी आणि दोन आप्तांचे दूरध्वनी क्रमांक कन्नडमध्ये व इंग्रजीत लिहिलेले आहेत. बेशुद्ध पडलेल्या माणसाचा मोबाईल कुलूपबंद असतो. त्याला उचलणारा रिक्षावाला, हवालदार किंवा फळविक्रेती यांना देवनागरी वाचता येईल अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. सोसायटीतल्या शेजाऱ्याकडून ती कन्नडमध्ये लिहून घ्यावी. त्या निमित्ताने शेजाऱ्याशी जो परिचय होतो, तोही अडीअडचणीला उपयोगी पडणाराच असतो. मदत, पाणी, इस्पितळ, आग एवढे तरी कन्नड शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि मुलांना येत असावेत. शहाजीराजांच्या जहागिरीपासून ज्या शहराशी आपला संबंध आहे, तेथे इतके शिकणे कोणालाही जड जाऊ नये. बोम्मसंद्र्यालाच डॉ. देवी शेट्टी यांचे नारायण हृदयालय आहे, देशाच्या कानाकोपऱ्यातून तेथे रुग्ण येतात. पण इस्पितळ कितीही मोठे असले तरी त्याच्या दारापर्यंतची वाट अनोळखी माणसाच्या हातांतून जाते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १३४-अ ने अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी दायित्वापासून संरक्षण दिले आहे, हेही होसूर रस्त्यावरून नित्य जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

पिशवीतल्या थराविषयी फार सांगण्यासारखे नाही, कारण तेथे बहुतेकांची बुद्धी आपोआप योग्य चालते. एक लिटर पाणी, मोबाईल दोनदा चार्ज होईल एवढी पॉवर बँक व तिची तार, हलका रेनकोट, चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे, जखमेवर बांधावयाची पट्टी, क्षार-साखरेची पुडी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाठ असावे. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा ही १९ किलोमीटरांची मेट्रो सुरू झाल्यापासून पिशवीला यंत्राच्या तपासणीतूनही जावे लागते, तेव्हा धारदार चाकूचा मोह आवरावा. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे हत्यार घरगुती अथवा शेतीच्या कामाव्यतिरिक्त बाळगण्यास तर शस्त्र-नियमांनुसार परवानाच लागतो. परदेशी चित्रफिती पाहून उपग्रहामार्फत चालणारा दूरध्वनी मागवणाऱ्यांनी हेही जाणून असावे, की सरकारी परवान्यावाचून तो बाळगणे आपल्या देशात गुन्हा आहे.

बोजा वाढू देणे हा या सर्व व्यवहारातला मोठा दोष होय. पानिपतावर गेलेल्या फौजेबरोबर लढवय्यांहून अधिक बुणगे होते आणि त्यांच्या पोटाच्या व रक्षणाच्या चिंतेत सेनापतीचे पाय अडकले, तर त्याआधीच्या मराठी घोडदळाचा सारा दरारा त्याच्या हलकेपणात होता, हा इतिहास आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. जी पिशवी आठवड्याभरात जड वाटू लागते ती दुसऱ्या आठवड्यात घरीच राहते. म्हणून प्रत्येक वस्तूला विचारावे, की माझ्या रोजच्या मार्गावर, म्हणजे चंदापूरच्या भाड्याच्या खोलीपासून जिगणी रस्त्यावरच्या कारखान्यापर्यंत, तुझी गरज कोणत्या प्रसंगी पडेल? सह्याद्रीच्या कड्यांवर शोभणारा दोर त्या मार्गावर निरुपयोगी आहे.

घरच्या थरात पाण्याला प्राधान्य. सप्टेंबर २०२२ च्या अतिवृष्टीत बेंगळुरूच्या पूर्व भागांतून माणसे ट्रॅक्टरांवर बसवून बाहेर काढावी लागली, आणि त्याच सुमारास मंड्या जिल्ह्यातले टी. के. हळ्ळीचे पंपघर पुराखाली गेल्यामुळे शहराला होणारा कावेरीचा पुरवठा खंडित झाला. रस्त्यात पाणी आणि नळ कोरडा असा तो काळ होता. दरडोई दररोज चार लिटर धरले तर चौघांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी सुमारे पन्नास लिटर पाणी झाकून ठेवावे लागते, आणि ते पाळीपाळीने बदलावे लागते. कागदपत्रांच्या प्रती, शिजवावे न लागणारे अन्न, औषधे, सेलवर चालणारा रेडिओ हे एका पिशवीत दाराजवळ असावे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत, किल्लारीच्या परिसरात, भूमी हादरली तेव्हा गणेश विसर्जनाहून परतलेली गावे गाढ झोपेत होती. बेंगळुरूचे पठार भूकंपाच्या बाबतीत कमी धोक्याचे मानले जाते खरे, पण किल्लारीचा प्रदेशही तोवर तसाच मानला जात होता; रात्री अंथरुणाशी चपला आणि टॉर्च ठेवण्यास काहीच खर्च येत नाही, आणि फुटलेल्या काचांवरून अनवाणी चालणे मात्र कोणालाच जमत नाही.

साठवलेली सिद्धता मात्र आपोआप टिकत नाही. गोळ्यांची मुदत संपते, सेल गळून टॉर्च आतून गंजतो, पॉवर बँक फुगते, आणि लेकराच्या वाढत्या अंगाला पिशवीतला स्वेटर पुरत नाही. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे पुजण्याचा प्रघात आहे. कर्नाटकात त्याच दिवशी आयुधपूजा असते, आणि बोम्मसंद्र्यात त्या दिवशी यंत्रे, मालमोटारी आणि दुचाक्या धुऊनपुसून झेंडूच्या माळांनी सजवल्या जातात व कोहळे फोडले जातात. त्या सकाळी घरातल्या मुलांना जवळ बसवून तिन्ही थरांतल्या वस्तू चौरंगासमोर मांडाव्यात, टॉर्च पेटवून पाहावा, औषधांच्या तारखा वाचाव्यात, पाणी बदलावे, कन्नड पत्रिकेवरचे क्रमांक अजून चालू आहेत की नाहीत ते फोन करून पडताळावे, आणि ११२ हा आपत्काळाचा क्रमांक सर्वांत धाकट्या मुलाकडून तोंडपाठ म्हणून घ्यावा. दुसरी तपासणी वळवाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी, अक्षय्य तृतीयेच्या आसपास करावी. वाचकांनी पुढच्या खंडेनवमीची वाट न पाहता पहिली तपासणी याच आठवड्यात उरकून घ्यावी, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.